गुळातली गोळी

माझी एक सवय माझ्या नातसुनेला अजिबात आवडत नाही. डॉक्टरांनी दिलेली कुठलीही गोळी मी आधी दातानं फोडते, चाखून बघते आणि मगच गिळते. ती म्हणते, "आजी, या गोळ्या चावायच्या नसतात, अख्ख्या गिळायच्या असतात." मी म्हणते, "अख्ख्या गिळून झाल्यात माझ्या." म्हातारी विक्षिप्त आहे असं तिला वाटतं. असेनही. पण कडू औषध कडू लागल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही, आणि ही खोड मला माझ्या सख्ख्या आईनं लावली.

तेव्हा मी विशीच्या आतली होते. सासर माढ्याला, नवरा तिथल्या कचेरीत कारकून. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात मला सोलापूरला आणलं. वडील शाळामास्तर. घर लहान, मागे परस, परसात आड, आणि परसाच्या ठेंगण्या भिंतीपलीकडे विणकरांची घरं. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आमच्याकडे चहाचं आधण पडायचं आणि पलीकडे मागांची खटखट सुरू व्हायची. सासरी जाताना मुलीला शंभर गोष्टी बजावतात. कुणापुढे काय बोलावं, कुणाच्या हातचं काय खावं, कुणावर किती विसंबावं. माहेरी येताना कुणी काही बजावत नाही. मी आले ती पदर खांद्यावरून सोडून, पाय पसरून, निर्धास्त.

आईचा स्वभाव आधी सांगायला हवा. ती कुणाशी भांडत नसे. समोरच्याला "हो" म्हणायची आणि करायचं ते स्वतःच्याच मनाचं करायची. त्या वर्षी भाद्रपदात पाऊस लांबला, खाचखळग्यांतून पाणी साचलं आणि घरोघरी हिवताप सुरू झाला. म्युनिसिपालटीचा माणूस गल्लीत आला. त्याच्या हंड्यात बोटाच्या पेराएवढे बारीक मासे होते. डासांची पिल्लं पाण्यात वाढतात, हे मासे ती खाऊन टाकतात, म्हणजे डास नाहीत आणि ताप नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. ब्राह्मणाच्या पिण्याच्या आडात मासे! आई म्हणाली, "हो हो, सोडा की. चांगलंच आहे." तो मासे सोडून वळला मात्र, आईनं घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि दिवसभर उपसून उपसून एकूण एक मासा बाहेर काढला. मारला एकही नाही, ती फार दयाळू. भांडीवालीबरोबर सगळे तळ्यात पाठवून दिले. आम्ही पोट धरधरून हसलो. मीही हसले. वडिलांनी माझ्यासाठी मच्छरदाणी आणली तिलाही आई "बरं झालं" म्हणाली, आणि आत गुदमरायला होतं म्हणून घडी घालून फडताळात ठेवली. पुढं उन्हाळ्यात कुरडयांवर पसरायला तिचा फार उपयोग झाला म्हणे.

मग ताप मला आला. दुपारी पाठीतून थंडी चढायची, दातांवर दात आपटायचे, घरातल्या सगळ्या वाकळा अंगावर घातल्या तरी ऊब यायची नाही. मग अंगाची भट्टी. मग घाम येऊन सगळं ओलंचिंब. दुसऱ्या दिवशी काहीच नाही, भाकरी खावीशी वाटायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेला हजर. असा पाळीचा ताप फार फसवा असतो. मधल्या दिवशी माणसाला वाटतं, गेला.

आईनं आधी ताप चुकवायचा उपाय केला. आमच्याकडे रीत होती की पाळीच्या दिवशी आजाऱ्यानं आपल्या घरात राहायचं नाही, न सांगता दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचं. ताप घरी येतो, माणूस दिसत नाही, हात हलवत परत जातो. आईनं मला पलीकडच्या विणकरणीकडे नेऊन बसवलं. ती माझ्यापेक्षा थोडी लहान, तीही पोटुशी, पण दिवस माझ्यामागचे. तेलुगू बोलणारी माणसं, पण मराठी चांगलं यायचं. मला "अक्का" म्हणायची आणि आईला "अम्मा". तिच्या मागाशेजारी मी लपून बसले, आणि संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत तापानं मला तिथंही शोधून काढलं. तिला हसू आलं. म्हणाली, "अक्का, त्याला पत्ता ठावं हाय. मलाबी आलता. मी दवाखान्यातली गोळी खातीय, आता न्हाय येत."

मग वडिलांनी डॉक्टरांना बोलावलं. सरकारी दवाखान्यातले वयस्क गृहस्थ, सावकाश बोलणारे. त्यांनी मला समोर बसवून, मी मास्तरांची मुलगी म्हणून की काय, सगळं नीट सांगितलं. हा ताप हवेनं येत नाही, दृष्टीनं येत नाही. आजाऱ्याला चावलेला डास दुसऱ्याला चावतो आणि त्याच्या रक्तात रोगाचं बी सोडतो. ते रक्तात वाढतं, पाळीपाळीनं उसळतं. त्याला मारणारं औषध एकच, कोयनेल. ताप थांबला तरी सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं, नाही तर बी दबा धरून बसतं. "कडू आहे," ते म्हणाले. "आणि कान वाजतील. घूं घूं असा आवाज येईल. घाबरू नकोस, औषध लागू पडल्याची ती खूण समज."

आईनं दारातून विचारलं, "पोटातल्याला काही...?"

"मी बेतानं देतोय. बाळाला भय आहे ते तापाचं. ताप अंगात राहिला तर बाळ राहणार नाही. हे नीट लक्षात ठेवा बाई."

"हो," आई म्हणाली.

गोळी कडू, आणि मला पाण्यानंसुद्धा ओकारी यायची. आई म्हणाली, "मी गुळात घालून देते. जिभेला लागायचीसुद्धा नाही. चावू मात्र नकोस हं, अख्खी गीळ." जेवण झालं की ती स्वयंपाकघरातून बोरासारखी गुळाची गोळी करून आणायची. मी मान वर करून तोंड उघडायची, ती जिभेवर ठेवायची, वरून पाणी. लहानपणी एरंडेल पाजताना ती माझं नाक धरायची, आणि आता इतकं जपून गुळात देतेय, म्हणून मला भरून यायचं. खरंच यायचं. ते आठवलं की आजही माझा संताप होतो.

ताप काही हटेना. भिंतीपलीकडून विणकरीण विचारायची, "अक्का, कान वाजत्यात का तुमचं? माझं तर मागावर बसल्यावानी चोवीस घंटे खटखट करत्यात." मी म्हणायची, "नाही बाई, माझे नाही वाजत." ती म्हणायची, "नशीबवान हाय तुमी."

डॉक्टर आले की त्यांचाही पहिला प्रश्न तोच. "कान वाजतात?"

"नाही."

ते बुचकळ्यात पडायचे. गोळ्या वाढवून दिल्या. मग त्यांना वाटलं, औषधातच भेसळ असेल, तर दुसरीकडून मागवून आणल्या. एकदा त्यांनी मला रोखून विचारलं, "नेमानं घेतेस ना? खरं सांग. रागावणार नाही."

मी दुखावले. म्हणाले, "आई स्वतःच्या हातानं देते."

आई तिथंच उभी होती. तोंडात मूग धरून.

आठव्या महिन्यात, ताप चढलेला असतानाच, कळा सुरू झाल्या. सुईण मंद्रूपकडची होती, हातगुणाची म्हणून तिचं नाव होतं. तिनं तिच्याकडून काही कमी केलं नाही. मुलगा होता. रडला नाही. त्याला फडक्यात गुंडाळताना मी एकदा पाहिला. कपाळ अगदी माझ्या वडिलांसारखं होतं. मग नेला.

नंतर बायका भेटायला आल्या. मी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. सुईण हात पुसत म्हणाली, "कोयनेल लई उष्ण हाय बया. लेकरू आतल्या आत पोळलं की. म्या कित्येक बघितल्यात." कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांना काय, त्यांच्या घरची का सून आहे. मग आईचा आवाज आला. रडून बसलेला, खालचा.

"काय करणार? डॉक्टरांचं ऐकलं, आणि घात झाला."

त्या बायकांत पलीकडची विणकरीणही होती. तिनं पोटावर हात ठेवला आणि उठून गेली, हे मला पाठमोरीलासुद्धा कळलं, कारण तिच्या जोडव्यांचा आवाज मी ओळखत होते.

मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? डॉक्टर बघायला आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "तुमच्या गोळ्यांनी माझं बाळ मारलं." ते खुर्चीवर बसले होते.  आईला एवढंच म्हणाले की, ताप अजून अंगात आहे, हिला गोळ्या चालू ठेवा, नाही तर हीही जाईल. आणि छत्री घेऊन गेले. वाकून चालले होते. मला बरं वाटलं होतं तेव्हा.

आईनं पुन्हा गुळाची गोळी आणली. मी म्हटलं, मला नको ते विष. ती म्हणाली, "आता घे गं. आता काही भीती नाही." तिच्या हातून मी कधी नाही म्हटलं नव्हतं. तोंड उघडलं, गिळली.

दोनतीन दिवस गेले असतील. दुपारची वेळ, आई सोप्यात तांदूळ निवडत बसलेली, मी जवळच पडलेली. एकाएकी गिरणीचा भोंगा सुरू झाला आणि थांबेचना. मी म्हटलं, "आई, आत्ता भोंगा कसा गं?"

"कुठला भोंगा?"

"हा काय, वाजतोय की."

"नाही बाई. कुठं काय?"

मी उठून बसले. हातांनी कान झाकले. आवाज आतच होता. घूं घूं, घूं घूं, अगदी डॉक्टरांनी सांगितला होता तसा. त्या दिवशी माझ्या तापाची पाळी होती, आणि थंडी आली नव्हती. ऊन उंबऱ्यावरून सरकून गेलं तरी आली नव्हती.

 मी विचारलं, "आई, आधीच्या गोळ्यांत काय होतं?"

"आधीच्या म्हणजे?"

"बाळ पोटात होतं तेव्हाच्या."

तिचा हात सुपात फिरत राहिला. खडा निघाला तो तिनं बाजूला टाकला. म्हणाली, "गूळ होता."

"आणि गोळ्या?"

"ठेवल्या होत्या. त्याच देतेय आता."

म्हणजे टाकल्याही नव्हत्या. काटकसरी बाई. गुळानं मरतो त्याला विष कशाला द्यायचं, असं आपल्यात म्हणतात. मला ते शब्दशः घडलं होतं, आणि देणाऱ्या हाताकडे मी वर तोंड करून कौतुकानं बघत होते.

मग ती बोलली. माझ्याआधी तिला एकदा दिवस राहिले होते, तेव्हाही असाच ताप आला होता, तेव्हा कुणीतरी कोयनेल दिलं आणि मूल गेलं. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं की माझ्या लेकीला हे होऊ द्यायचं नाही. "मला वाटलं, निदान तुझं तरी वाचेल," ती म्हणाली आणि रडली. मला तिचं रडणं खरं वाटलं. ते खरंच होतं. मूल तापानं गेलं की गोळीनं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा ती दारात उभी राहून "हो" म्हणाली होती. तेवढ्यावर मी तिला माफ केलं असतं. आज सांगते, केलं असतं.

पण मी विचारलं, "मग त्या बायकांसमोर तू डॉक्टरांचं नाव का घेतलंस?"

ती म्हणाली, "मग काय सांगायचं होतं चार बायकांत?"

 तिला चार बायकांतलं तोंड राखायचं होतं. त्यासाठी तिनं मला माझ्या बाळाच्या मरणाबद्दल खोटं सांगितलं, आणि ज्या एका माणसानं ते वाचवायची धडपड केली त्याच्यावर मला भुंकायला लावलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

वडील शाळेतून आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा आणि खरं काय ते सांगा. मला बाळंतिणीला उंबरा ओलांडायची बंदी होती, बाळ नसलं तरी. वडिलांनी टोपी काढून खुंटीला लावली. म्हणाले, "झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात राहू दे." मुलांना सत्य बोलावं म्हणून धडा शिकवणारा माणूस. मी बाहेर पडण्याजोगी झाले तोवर डॉक्टरांची बदली झाली होती, कुठं ते कुणाला नीट सांगता येईना. आपल्या औषधानं एका मुलीचं मूल गेलं असं वाटून घेऊनच ते कुठंतरी म्हातारे झाले असतील.

पण एक माणूस भिंतीपलीकडेच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागल्या दारानं परसात गेले. विणकरीण सुताच्या लडी वाळत घालत होती, चेहरा पिवळा पडलेला. मी विचारलं, "गोळी घेतेस ना?"

"बंद केली अक्का. तुमचं असं झाल्यावर कोन खातंय? काल परत थंडी भरली."

"माझं गोळीनं नाही झालं. मी ती खाल्लीच नव्हती. आईनं मला नुसता गूळ दिला."

ती कसंनुसं हसली. "असं कसं? अम्मा सोता म्हनल्या की. आई लेकीचं खोटं सांगंल व्हय?"

आई आडावर पाणी शेंदत होती. दोर तिच्या हातात थांबला. मी म्हटलं, "विचार तिलाच."

मला वाटलं, आता तरी बोलेल. समोर पोटुशी बाई उभी आहे, तिच्या अंगात ताप आहे. एक शब्द पुरे होता.

आई विणकरणीला म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. तिच्या डोक्यात ताप गेलाय."

आणि दोर ओढायला लागली.

मी घरात गेले, फडताळातली उरलेल्या गोळ्यांची पुडी काढली, परत भिंतीशी आले. एक गोळी तिच्या देखत तोंडात टाकून दातानं फोडली. तसलं कडू मी जन्मात चाखलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, पण थुंकले नाही. म्हटलं, "आठव. तू मला काय विचारायचीस? कान वाजतात का. मी काय म्हणायची?"

"न्हाय वाजत म्हनायच्या."

"तुझे वाजायचे?"

"लई वाजायचं."

"आता माझेही वाजतायत. कालपासून. पहिल्यांदा."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आडाकडे. आई घागर भरून घेत होती, मान खाली.  शेवटी विणकरणीनं भिंतीवरून हात पुढं केला आणि माझ्या हातातली पुडी घेतली. "अम्मांना सांगू नका," असं काहीतरी पुटपुटली. सवयीनं म्हणाली असावी.

तिला मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची, धडधाकट. मी तेव्हा माढ्याला परतले होते. आईनं पत्रात लिहिलं होतं की तिनं त्या मुलीसाठी झबलं शिवलं. ते वाचून मी चुलीपुढं बसले आणि पोटभर रडले. ते झबलं कुणासाठी बेतलेलं कापड होतं, हे मला ठाऊक होतं.

पुढची माझी सगळी बाळंतपणं सासरी झाली. लोक आईला विचारायचे, लेक येत कशी नाही? ती काय सांगायची मला माहीत नाही. काहीतरी चार बायकांत शोभेलसं सांगत असेल.

वडील गेल्यावर ती माझ्याकडे माढ्याला राहायला आली. एका पावसाळ्यात तिला थंडी भरली. तोच ताप, तीच पाळी. मी कोयनेल आणलं. तिचे दात पडलेले, कडू सोसेना, म्हणून गूळ घेतला, गोळी आत भरली आणि बोराएवढं करून तिच्यापुढं नेलं. तिनं मान वर केली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. विचारलंसुद्धा नाही, आत काय आहे म्हणून.

माझा हात तिथंच थांबला. मला तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. मी म्हटलं, "आई, फोडून बघ. आत गोळी आहे का नाही ते बघ आधी."

"कशाला?" ती डोळे मिटूनच म्हणाली. "तू देतेयस ना?"

मी ती जिभेवर ठेवली. ती पाण्याबरोबर अख्खी गिळून मोकळी झाली.